गाण्याच्या सिग्नलवरच चालणारा ऑडिओ स्विच: बॅटरी न वापरता तो चालू कसा होतो?

फोनला जोडलेला छोटा ॲम्प्लिफायर गाणं थांबल्यावर गप्प होतो, पण बंद होत नाही. पुढचं गाणं कधी येईल याची वाट बघत तो वीज खात राहतो.

हौशी मंडळींच्या आवडीच्या एलएम३८६ या ॲम्प्लिफायर चिपचंच उदाहरण घ्या. कोणताही आवाज नसतानाही ही चिप सुमारे ४ मिलिॲम्पिअर करंट घेते. ९ व्होल्टच्या चौकोनी अल्कलाइन बॅटरीची क्षमता साधारण ५०० मिलिॲम्पिअर-तास असते. म्हणजे एकही गाणं न वाजवता पाचेक दिवसांत बॅटरी संपते.

यावर उपाय म्हणजे गाणं आल्यावर आपोआप चालू होणारा स्विच. पण सिग्नलवर लक्ष ठेवायला त्या स्विचलाही वीज लागली, तर मूळ अडचण कायमच राहते. म्हणून ही वीज गाण्याच्या सिग्नलमधूनच काढायची, अशी ही कल्पना आहे.

सिग्नलमध्ये वीज असते तरी किती?

अगदी नगण्य. घरगुती ऑडिओ उपकरणांची प्रमाणित लाइन लेव्हल ०.३१६ व्होल्ट असते. १० किलोओहमच्या भारात त्यातून फक्त १० मायक्रोवॉट मिळतात, म्हणजे एका वॉटचा एक लाखावा भाग. एवढ्यावर स्पीकर वाजणं तर सोडाच, साधा रिलेसुद्धा ओढला जात नाही.

मग स्विच चालू कसा होतो?

इथे मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर कामाला येतो. नळ उघडायला लागणारा जोर आणि नळातून वाहणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉसफेटचंही तसंच आहे. त्याच्या गेटला पुरेसं व्होल्टेज मिळालं की बॅटरीचा करंट वाहू लागतो आणि गेट उघडं ठेवायला जवळपास काहीच करंट लागत नाही.

अडचण व्होल्टेजची आहे. ०.३१६ व्होल्टचा सिग्नल शिखरावर जेमतेम ०.४५ व्होल्टपर्यंत जातो. मॉसफेटला मात्र प्रकारानुसार साधारण १ ते ३ व्होल्ट हवे असतात. त्यामुळे सर्किट तीन पायऱ्यांत काम करतं:

१. ट्रान्सफॉर्मर: १:१० प्रमाणाचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर शिखराचं व्होल्टेज साडेचारच्या आसपास नेतो.

२. डायोड: सिग्नल सतत दिशा बदलत असतो, डायोड त्याला एकाच दिशेने जाऊ देतो. साध्या सिलिकॉन डायोडमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्ची पडतात, शॉट्की डायोडमध्ये ०.२ ते ०.३. जिथे मुळातच तुटवडा आहे, तिथे हा फरक मोठा ठरतो.

३. कपॅसिटर: मिळालेली वीज यात साठते आणि गेटला पोहोचते. याला समांतर एक रेझिस्टर जोडतात, म्हणजे गाणं थांबल्यावर साठा हळूहळू रिकामा होतो आणि स्विच बंद होतो.

कपॅसिटर किती मोठा हवा?

खरी कसोटी इथेच लागते. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मेगाओहमचा रेझिस्टर असेल, तर १० सेकंदांत व्होल्टेज सुमारे ३७ टक्क्यांवर येतं. दोन गाण्यांमधली शांतता यात सहज निभावते. कपॅसिटर फार मोठा घेतला तर भरायला वेळ लागतो आणि गाण्याचे पहिले शब्द कापले जातात. फार लहान घेतला, तर गायकाने घेतलेल्या विरामातच ॲम्प्लिफायर झोपी जातो.

याची किंमत काय मोजावी लागते?

ही वीज फुकट मिळत नाही. ती सिग्नलमधूनच जाते आणि मुख्यतः शिखरांवरच ओढली जाते. सिग्नल देणारं उपकरण कमजोर असेल तर शिखरं चपटी होऊन आवाज बिघडतो. शिवाय व्होल्टेज दहापट वाढवलं की पलीकडचा भार सिग्नल देणाऱ्या उपकरणाला शंभरपट जड वाटतो. म्हणून रेझिस्टर जितका मोठा, तितका गाण्याला त्रास कमी.

आणखी एक मर्यादा आहे. आवाज अगदी हळू ठेवला तर गेटपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोहोचत नाही आणि स्विच उघडतच नाही. म्हणून अशा जोडणीत फोनचा आवाज मोठा ठेवून ॲम्प्लिफायरचा कमी करणं सोयीचं पडतं.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. क्रिस्टल रेडिओला बॅटरी लागतच नसे. अँटेनाने पकडलेल्या लहरींच्या ऊर्जेवरच त्याचा हेडफोन वाजायचा. अशा लहरी ओळखणाऱ्या गॅलिना स्फटिकाच्या डिटेक्टरसाठी जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं होतं. जहाजांवरही बोलणाऱ्याच्या आवाजाच्या ऊर्जेवर चालणारे फोन वापरले जातात. जहाजाची वीज गेली तरी ते बंद पडत नाहीत.

घरी करून बघायचं असेल, तर हा प्रयोग बॅटरीवरच्या ॲम्प्लिफायरपुरताच ठेवा. २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर असा स्विच थेट लावणं जिवावर बेतू शकतं.