कपाशीच्या खोडातला सोनकिडा

पावसाळ्यात बाभळीवर दिसणारे हिरव्या-सोनेरी झळाळीचे सोनकिडे महाराष्ट्रात अनेकांच्या परिचयाचे आहेत. इंग्रजीत ‘ज्युवेल बीटल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भुंगेऱ्यांच्या कुळाचे शास्त्रीय नाव ब्युप्रेस्टिडी असून, त्यात जगभरात सुमारे १५ हजार जाती आहेत. त्यांच्या चकाकत्या पंखकवचांनी भारतात मोगल काळापासून वस्त्रे सजविली जात. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांनी परिधान केलेल्या मोरपिसांच्या नक्षीच्या पोशाखावरही ही कवचे जडविलेली होती.

याच कुळातील ‘स्फेनोप्टेरा गॉसिपी’ ही जात मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. कापूस हे तिचे खाद्य असल्याने यवतमाळसारख्या कापूसपट्ट्यातील जिल्ह्याने तिची ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

हा भुंगेरा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा आणि गडद रंगाचा असतो. सोनकिड्याचा दिमाख त्याला नाही. मादी कपाशीच्या खोडावर, जमिनीलगत एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली पांढुरकी, बिनपायांची अळी खोड पोखरत आत शिरते. डोक्यामागचा रुंद, चपटा भाग ही तिची खूण. ती खोडातच वाढते आणि तेथेच कोषावस्थेत जाते. बाहेरून हिरवेगार दिसणारे झाड अचानक कोमेजते, तेव्हा कुठे तिचा सुगावा लागतो.

बोंडअळीच्या तुलनेत ही कीड दुय्यम आहे. पण तिचा धडा मोलाचा आहे. खोडात दडलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. त्यामुळे झाड सुकलेले पाहून पंप पाठीला लावण्यात अर्थ नसतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला. ती फवारणी या किडीसाठी नव्हती. तथापि अनावश्यक फवारणीची किंमत काय असते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

उपाय साधा आहे. सुकलेले झाड उपटून खोड चिरून पाहावे. आत भुश्शाने भरलेला बोगदा आणि अळी आढळल्यास ते झाड नष्ट करावे. वेचणी संपल्यावर फरदड न घेता पऱ्हाट्या मुळासकट उपटाव्यात आणि शेतात वा बांधावर रचून ठेवू नयेत. बोंडअळीचे चक्र तोडण्यासही हीच दक्षता उपयोगी पडते.

बाभळीवरच्या सोनकिड्यांना मात्र या वैराची झळ लागू नये. त्यांचा कपाशीला उपद्रव नाही.