टोचलेला कागद

आईच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी एक तेलकट कागद आहे. उजेडाला धरला की त्यात पोपट दिसतो.

पूर्वी भरतकामाचे नमुने असेच जपत. पातळ कागदावर चित्र काढायचं, रेघेवर सुईनं बारीक भोकं पाडायची. कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवायची. खाली ठिपक्यांचा पोपट उमटतो. मग साखळी टाक्यानं अंग, गाठीच्या टाक्यानं डोळा. कागद पुन्हा घडी करून ठेवायचा. एकाच कागदावर गल्लीतल्या कितीतरी बाळांच्या कुंच्या आणि दुपटी झाली.

लोक याला बायकांची हौस म्हणतात. मला तसं वाटत नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली केडगावला आणल्या. तिथं त्यांना शिवण, विणकाम शिकवलं, ते पोटासाठी. पुढं 1909 साली रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढलं. तिथंही बायकांना शिवण-भरतकाम शिकवत, म्हणजे कुणापुढं हात पसरायला नको. आईच्या माहेरी तिथं शिकून आलेल्या एक बाई होत्या. हा कागद त्यांच्याकडून आईकडे आला.

1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. धाकटी बहीण तेव्हाच जन्मली. महिनाभरात आई खडी फोडायला गेली. पगार वेळेवर होत नसे. मग रात्री चिमणीच्या उजेडात ती दुसऱ्यांच्या कुंच्या भरून द्यायची. एका कुंचीला मापटंभर मिलो. दिवसभर हातोडी धरून बोटं सुजायची, सुई धरवत नसे. ती बोटं कोमट पाण्यात बुडवायची आणि पुन्हा बसायची. स्वतःच्या लेकीची कुंची तिनं आजीच्या जुन्या लुगड्याची शिवली. त्यावर पोपट काढला नाही. दोरा विकतचा होता, तो गिऱ्हाइकाचा.

गेल्या वर्षी बहिणीच्या नातीचं बारसं झालं. नीळ मी फिरवली, टाके बायकोनं घातले. कागद चोचीजवळ फाटलाय, त्यामुळं चोच जरा वाकडी आली. बहिणीनं कुंची हातात घेतली आणि बराच वेळ पोपटावरून बोट फिरवत बसली. तिच्या वाट्याचा पोपट पन्नास वर्षांनी घरात आला.