मॉडेलच्या पाटीवर कोणाचं नाव?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो: "माझ्या विषयावर कागदपत्रं कमी आहेत, पण वस्तू आहेत. वस्तूंना साधन म्हणता येईल का?" येईल. पण वस्तूलाही कागदाइतकंच उलटसुलट विचारावं लागतं. आज एकच उदाहरण घेऊ.

समजा, तुमच्यासमोर काचेच्या पेटीत एका शर्यतीच्या बोटीचं लाकडी मॉडेल आहे. लांबी दीड-दोन फूट. खाली पितळी पाटी: 'स्लो-मो-शन ४'. नाव 'स्लो मोशन'वरून गमतीनं घेतलेलं, कारण बोट अजिबात हळू नव्हती. अमेरिकेतल्या सिएटल शहराजवळच्या लेक वॉशिंग्टनवर 26 जून 1950 रोजी तिचा मालक स्टॅनली सेयर्स याने ती ताशी 160.323 मैल, म्हणजे सुमारे 258 किलोमीटर वेगाने पळवली. माल्कम कॅम्बेलचा 1939 पासूनचा 141.74 मैलांचा जागतिक विक्रम मोडला. पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटला जाऊन तिने गोल्ड कप जिंकला. विजेत्याच्या गावी पुढची शर्यत, या रिवाजाने 1951 चा गोल्ड कप सिएटलला आला. 1952 मध्ये सेयर्सने स्वतःचाच विक्रम 178.497 मैलांवर नेला.

पहिला प्रश्न: ही वस्तू काय दाखवते, जे दुसरं साधन दाखवत नाही?

मॉडेल उचलून उलटं करा (अर्थात परवानगी घेऊन!). पुढच्या बाजूला तळाला दोन्हीकडे होडीसारखे दोन भाग जोडलेले दिसतील. त्यांना स्पॉन्सन म्हणतात. हायड्रोप्लेन बोट पाणी कापत जात नाही, पाण्यावर सरकत जाते. वेग आला की ही बोट दोन स्पॉन्सनच्या टोकांवर आणि मागच्या पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर, अशी तीन ठिकाणीच टेकायची. पंखा अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. बोटीचं पाण्याशी घर्षण जवळजवळ संपायचं. तीन टेकूंच्या बोटी आधीही होत्या, पण त्यांची मागची बाजू पाण्याला घासत जायची. मागचा भार पंख्यावर पेलण्याची युक्ती मोठ्या बोटींच्या वर्गात यशस्वी केली ती हिने. इंजिन होतं अ‍ॅलिसन, 12 सिलिंडरचं, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचं.

फोटोत हा तळ दिसत नाही. फोटोत दिसते ती मागे उडालेली पाण्याची उंच कमान, कोंबड्याच्या शेपटीसारखी. ती मॉडेलमध्ये नाही. म्हणजे एक साधन रचना सांगतं, दुसरं परिणाम. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय बोट कशी चालायची हे कळत नाही.

दुसरा प्रश्न: ही कोणत्या दिवसाची वस्तू आहे?

मॉडेल चकचकीत आहे, एक ओरखडा नाही. पण 1956 मध्ये डेट्रॉइट नदीवर ही बोट अपघातात मोडली, चालक जो टॅगर्ट गंभीर जखमी झाला, आणि त्याच वर्षी सेयर्सही वारला. मोडकी बोट नंतर सांधून सिएटलच्या इतिहास आणि उद्योग संग्रहालयात गेली. आता गंमत बघा. ज्या 'मूळ' बोटीशी आपण मॉडेल ताडून पाहणार, तीच पुन्हा जोडलेली! म्हणून "मूळ वस्तू पाहिली" एवढं लिहून भागत नाही. मूळ कोणत्या अवस्थेतली, हेही लिहा.

तिसरा प्रश्न: पाटीवर कोण नाही?

मी एकदा एका टिपणात सरळ लिहून टाकलं होतं, "रचनाकार: टेड जोन्स". मार्गदर्शक मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले: "कशावरून?" मला राग आला होता. सगळीकडे तसंच तर लिहिलेलं होतं! मग शोधत बसलो. जोन्स बोइंग कंपनीत काम करायचा, छोट्या बोटींच्या शर्यतीतून त्याने हे डोकं लढवलं, आणि 1950 चा गोल्ड कप स्वतः बोट चालवून जिंकला. पण बोट प्रत्यक्ष उभी राहिली अँकर जेन्सनच्या कारखान्यात. कल्पनेपासून पाण्यावर टिकणाऱ्या बोटीपर्यंतच्या वाटेत कोणाचा वाटा किती, यावरून जोन्स आणि जेन्सन यांच्यात बिनसलं, आणि तो वाद मिटला नाही.

निवाडा करणं हे आपलं काम नाही. पण पाटीवर एकच नाव कोरलं की निवाडा होऊन जातो, आणि आपण ते नाव तसंच उतरवलं की त्या निवाड्यावर आपली सही होते. मी ते वाक्य बदललं: "जोन्सची कल्पना व आराखडा, जेन्सनची बांधणी, रचनेच्या श्रेयाबद्दल दोघांत मतभेद." वाक्य लांबलं, पण आता मॅडमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.

हे बोटीपुरतं नाही. उद्या तुमच्या प्रबंधात एखादं यंत्र, मूर्ती, नकाशा, विणलेलं कापड येईल. "अमक्याने बनवलं" असं लिहिताना हात क्षणभर थांबवा. आराखडा कोणाचा, हात कोणाचे, पैसा कोणाचा, आणि पाटी कोणी लिहिली? चार वेगळी माणसं निघू शकतात.

या आठवड्यात एवढंच करून बघा. जवळच्या कोणत्याही संग्रहालयात जा, एक वस्तू निवडा आणि तिच्यावर अर्धं पान लिहा. पाटी मात्र सगळ्यात शेवटी वाचा. तुमचं पान आणि पाटी जिथे जुळत नाहीत, तिथे बहुतेक तुमचा संशोधन-प्रश्न बसलेला असेल.