पेरेंटी
पेरेंटी (शास्त्रीय नाव: व्हॅरॅनस जायगँटिअस) ही घोरपडीच्या कुळातील, ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठी सरडावर्गीय प्रजाती आहे. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४५ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिची लांबी २ मीटरपेक्षा अधिक भरू शकते. मध्य व पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शुष्क प्रदेशातील खडकाळ टेकड्या आणि घळी हा तिचा प्रमुख अधिवास होय. कपारी व बिळे तिला कडक ऊन, थंडी आणि शत्रू यांपासून आश्रय देतात. हिवाळ्यात ती बहुधा तेथेच निष्क्रिय राहते. सरडे, साप, पक्षी व लहान सस्तन प्राणी हे तिचे भक्ष्य आहे. ती बुजरी असून माणसाची चाहूल लागताच लपते. अनंगू आदिवासींच्या पुराकथांत ती ‘न्गिंटाका’ या पूर्वजाच्या रूपाने येते.