अमेरिकेतील पहिले वैद्यकीय महाविद्यालय

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींत वैद्यकीय शिक्षण देणारे एकही महाविद्यालय नव्हते. होतकरू तरुण एखाद्या अनुभवी डॉक्टरकडे उमेदवारी करीत. ऐपत असलेले लंडन अथवा एडिंबरा गाठत. ही उणीव १७६५ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरून निघाली. मात्र, श्रेयाच्या वादातून दोन संस्थापकांत कायमचे वितुष्ट आले.

विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये वसविलेल्या या नगरात डॉ. थॉमस बाँड आणि बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने १७५१ मध्ये पेनसिल्व्हानिया रुग्णालय स्थापन झाले होते. एडिंबराहून शिकून परतलेले डॉ. विल्यम शिपेन यांनी १७६२ पासून शरीररचनाशास्त्राची खासगी व्याख्याने सुरू केली. मृतदेहांच्या विच्छेदनामुळे त्यांना जमावाच्या रोषालाही तोंड द्यावे लागले.

शिपेन यांचे सहाध्यायी डॉ. जॉन मॉर्गन १७६५ मध्ये मायदेशी परतले. त्यांनी 'कॉलेज ऑफ फिलाडेल्फिया'च्या विश्वस्तांपुढे वैद्यकीय विभागाची योजना मांडली आणि ३ मे रोजी पहिले प्राध्यापकपद मिळविले. वैद्यक, शल्यक्रिया व औषधनिर्मिती हे व्यवसाय वेगळे असावेत, असा त्यांचा आग्रह होता. शिपेन यांना मात्र विश्वासात घेतले गेले नव्हते. सप्टेंबरमध्ये शरीररचना व शल्यशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना, ही कल्पना आपण तीन वर्षांपूर्वीच मांडली होती, असे त्यांनी विश्वस्तांना स्पष्टपणे कळविले.

पदवीसाठी लॅटिन व गणिताचे ज्ञान, नामांकित डॉक्टरकडील उमेदवारी आणि रुग्णालयातील वर्षभराची उपस्थिती आवश्यक ठरविण्यात आली. १७६८ मध्ये दहा विद्यार्थ्यांची पहिली तुकडी पदवीधर झाली. पुढील वर्षी बेंजामिन रश रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

स्वातंत्र्ययुद्धात हा कलह विकोपाला गेला. सैन्याच्या वैद्यकीय सेवेचे प्रमुख असलेल्या मॉर्गन यांना १७७७ च्या जानेवारीत पदच्युत करण्यात आले आणि त्यांच्या जागी शिपेन आले. मॉर्गन यांच्या आरोपांवरून शिपेन यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला; १७८० मध्ये ते निर्दोष सुटले. संस्था मात्र या भांडणातून तरली आणि पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचा भाग बनली.

याच शहरात १८५० मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथूनच १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या.