उस्मानियाच्या काचेवरचे तारे

हैदराबादच्या मराठी घरांत उस्मानिया विद्यापीठाचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या वाटेनं जातात. कोणाचे आजोबा उर्दूतून बी.ए. झाले, कोण १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत वसतिगृहातून बाहेर पडलं आणि पुढं नागपूरला जाऊन शिकलं, आर्ट्स कॉलेजच्या दगडी इमारतीसमोर काढलेला कोणाचा फोटो अजून भिंतीवर आहे. नांदेड, परभणी, औरंगाबादकडच्या घरांतही हेच ऐकायला मिळतं. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत तिकडच्या मुलांचं विद्यापीठही उस्मानियाच होतं ना!

या गप्पांत एक गोष्ट मात्र सहसा येत नाही. आपले आजोबा उर्दूतून गणिताची प्रमेयं पाठ करत होते, त्याच काळात याच विद्यापीठाची माणसं रात्र रात्र जागून आकाश मोजत होती. त्या मोजणीचा उपयोग जगाला थेट आपल्या नातवंडांच्या काळात झाला. म्हणून आज ही हकीकत जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात एका हौशी नवाबानं केली. नवाब जफर जंग हे हैदराबादचे सरदार. विलायतेत राहून आले आणि येताना आकाशाचं वेड घेऊन आले. १९०१ साली त्यांनी फिसलबंडा इथल्या आपल्या जागेत वेधशाळा उभी केली. ग्रब कंपनीची १५ इंची दुर्बीण मागवली. आकाशाचे फोटो घेणारी ८ इंची दुर्बीणही आणली. वेधशाळेला निजामाचं नाव द्यायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि तिचं नाव पडलं निजामिया. १९०७ साली नवाबसाहेब गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे १९०८ मध्ये वेधशाळा संस्थानाच्या ताब्यात आली आणि बेगमपेठ-अमीरपेठच्या माळावर हलली. तेव्हा तो भाग गावाबाहेर होता. १९१९ साली नव्यानं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडे तिचा कारभार गेला.

आता त्या मोजणीबद्दल. १८८७ साली पॅरिसमध्ये देशोदेशीच्या ज्योतिर्विदांची बैठक झाली. सगळ्या आकाशाचे फोटो काढायचे आणि प्रत्येक ताऱ्याची जागा आकड्यांत लिहून ठेवायची असं तिथं ठरलं. आपण शेताचे सर्व्हे नंबर पाडतो तसे आकाशाचे पट्टे पाडले आणि वेधशाळांना वाटून दिले. चिलीतल्या सांतियागो वेधशाळेकडचं काम पुरं होईना, तेव्हा दक्षिण आकाशातला तो उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा हैदराबादकडे आला. पुढं जर्मनीतल्या पॉट्सडॅमकडे दिलेल्या उत्तर आकाशातल्या पट्ट्याचाही काही भाग आपल्याकडे आला.

हे काम म्हणजे निव्वळ चिकाटी. फोटो काचेवर निघायचा. चौकोनी काच, तिच्यावर आकाशाचा दोन अंश लांब, दोन अंश रुंद तुकडा. फोटो निघत असताना दुर्बीण ताऱ्याबरोबर अगदी बरोबर सरकती ठेवायची. जरा हललं की काच वाया. काच धुऊन झाली की दिवसा दुसरी पाळी. त्याच काचेवर बारीक रेघांची चौकट उमटवलेली असे. सूक्ष्मदर्शकातून बघायचं, या चौकोनात हा ठिपका डावीकडून इतका, खालून इतका. एकानं बघायचं, दुसऱ्यानं लिहायचं. मग आकडेमोड, आणि तीही हातानं. ना कॅल्क्युलेटर, ना संगणक.

चॅटवुड, पोकॉक आणि मग टी. पी. भास्करन असे संचालक येत गेले, पण काम खंडलं नाही. साडेसात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा मोजून झाल्या आणि १२ खंडांत छापल्या गेल्या. संचालकांची नावं मुखपृष्ठावर आली. रोज डोळे फोडून ठिपके मोजणाऱ्यांतली बहुतेक नावं कोणाच्याच लक्षात राहिली नाहीत. त्याच आवारात भूकंप टिपणारं यंत्रही होतं. म्हणजे एका छताखाली वरचं आकाश आणि पायाखालची जमीन, दोन्हींची नोंद चालू होती.

कोणी म्हणेल, एवढे आकडे लिहून उपयोग काय झाला? तारे जागचे हलत नाहीत असं आपल्याला वाटतं, पण ते हलतात. फक्त इतकं हळू, की एका माणसाच्या हयातीत नजरेला कळत नाही. ही चाल कळायची तर आजची जागा पाहिजे आणि खूप जुनी जागाही पाहिजे. १९८९ साली युरोपनं हिप्पार्कस नावाचा उपग्रह सोडला. त्यानं ताऱ्यांच्या नव्या जागा फार बारकाईनं मोजल्या. पण जुन्या जागा आणायच्या कुठून? तेव्हा जगभरच्या वेधशाळांचे ते जुने खंड उघडले गेले, त्यांत आपल्या हैदराबादचेही होते. त्यांतले आकडे संगणकात घातले, नव्या आकड्यांशी ताडून पाहिले, आणि २००० साली टायको-२ नावाची सुमारे २५ लाख ताऱ्यांची सूची तयार झाली. बेगमपेठच्या माळावर कंदिलाच्या जमान्यात लिहिलेला आकडा उपग्रहाच्या आकड्याशेजारी जाऊन बसला! मोजणी जितकी जुनी, तितकी तिची किंमत वाढली.

याच वेधशाळेत बाप्पू नावाचे एक सहायक होते, मूळचे केरळचे. त्यांचा मुलगा वेणू या दुर्बिणींच्या सावलीत वाढला, निजाम कॉलेजात शिकला आणि हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला. तिथं १९४९ साली त्यानं एक धूमकेतू शोधला आणि त्या धूमकेतूला त्याचं नाव लागलं. पुढं कावलूरची वेधशाळा उभी करणारे वेणू बाप्पू ते हेच.

आता आपल्या आडनावाकडे येऊ. १९५९ साली उस्मानियात खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि त्याच सुमाराला कृष्ण दामोदर अभ्यंकर तिथं प्राध्यापक म्हणून आले. कोडाईकनालचा अनुभव, बर्कलीची पीएच.डी. मनात आणलं असतं तर परदेशात राहता आलं असतं. ते हैदराबादला राहिले आणि पिढ्या घडवल्या. १९६४ मध्ये या विभागाला प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा मिळाला. तारकांच्या भौतिकीवर त्यांनी इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिलं, आणि वेदकाळापासूनच्या भारतीय ज्योतिषगणितावरही अभ्यासू ग्रंथ लिहिला. पंचांग आणि वर्णपट, दोन्हींकडे सारख्याच आस्थेनं बघणारा हा माणूस. भारतातल्या खगोलशास्त्रज्ञांची जी संस्था, ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया, तीही १९७२ साली उस्मानियातच सुरू झाली.

तोवर अमीरपेठच्या आसपास वस्ती वाढली होती, रात्रीचं आकाश उजळ होऊ लागलं होतं. म्हणून शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर जापाल आणि रंगापूर या खेड्यांजवळ जागा घेतली आणि १९६८ साली ४८ इंची दुर्बीण बसवली. एका विद्यापीठाकडे एवढी मोठी दुर्बीण असणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. हॅलेचा धूमकेतू आला तेव्हाही तिच्यातून वेध घेतले गेले.

१६ फेब्रुवारी १९८० ची दुपार आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अंकोल्याच्या किनाऱ्यावर शिरलेली सूर्यग्रहणाची सावली हुबळी, रायचूर करत पुरीकडे गेली आणि वाटेत रंगापूर तिच्या पट्ट्यात आलं. घराघरांत पाण्यावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र ठेवलेलं, दारं लावलेली, रस्ते ओस. आणि तिकडं माळावर उस्मानियाची मुलं यंत्रं रोखून उभी होती, दोनेक मिनिटांचा अंधार टिपायला. घरातल्यांची भीती आणि माळावरच्यांची उत्सुकता, दोन्ही एकाच शहराची. मला त्यात कोणाची टिंगल करावीशी वाटत नाही. पण आपली मुलं दोन्हींकडची होती, हे लक्षात ठेवावं असं वाटतं.

आज अमीरपेठला मेट्रोतून उतरलं की कोचिंग क्लासच्या पाट्यांशिवाय काही दिसत नाही. निजामिया वेधशाळेच्या आवारात आता आर्थिक-सामाजिक अभ्यासाची संस्था आहे. तिच्या पत्त्यात अजून ‘निजामिया ऑब्झर्व्हेटरी कॅम्पस’ असं लिहितात, तेवढीच खूण. शहराचा उजेड रंगापूरकडेही सरकला, यंत्रं जुनी झाली, काम मंदावलं.

म्हणून एक विनंती. उस्मानियाच्या गणित, भौतिकी किंवा खगोल विभागात तुमच्या घरातलं कोणी शिकलं, शिकवलं, किंवा वेधशाळेत साधी कारकुनी जरी केली असेल, तर त्यांची वही, ओळखपत्र, ग्रुप फोटो रद्दीत देऊ नका. फोटोच्या मागं नावं लिहून ठेवा, साल लिहा. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर जवळ बसून विचारून घ्या, आजच. ‘हे काय कामाचं?’ असं त्या ठिपके मोजणाऱ्यांनाही कोणीतरी नक्की विचारलं असणार. त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून सत्तर-ऐंशी वर्षांनी जगाला ते सापडलं.