माकडताप : गोचिडांचे सर्वेक्षण

माकडताप ऊर्फ क्यासनूर जंगल रोगाचा विषाणू वाहणाऱ्या गोचिडांवर ठेवली जाणारी पाळत. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, आसपासची माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) कारण शोधले. मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही प्रजाती.

पद्धत साधी, पण चिकाटीची. पांढरे फ्लॅनेलचे कापड पालापाचोळ्यावरून ओढत न्यायचे, थोड्या अंतरावर उलटून पाहायचे आणि चिकटलेले खसखशीएवढे गोचीड चिमट्याने कुपीत घ्यायचे. प्रजाती व ठिकाणानुसार त्यांचे गट करून आरटी-पीसीआर चाचणी होते. हिवाळा ते उन्हाळा हा काळ कळीचा, कारण माणसाला चावणारे अर्धवाढीचे गोचीड तेव्हा विपुल असतात. मेलेल्या माकडाची जागा सर्वांत मोलाची : देह गार पडताच गोचीड तो सोडून तिथेच पसरतात. त्यामुळे अशी खबर देणारा गुराखी किंवा वनमजूर हा या कामाचा खरा आधार. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात रुग्ण आढळले. तिथे काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्यांना धोका अधिक.